ऊसमळे, लंडनच्या पेढ्या आणि तारण ठेवलेली माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन बेटांवरच्या गुलामगिरीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक जहाजांबद्दल, चाबकाबद्दल आणि मुक्तीच्या कायद्याबद्दल असतं. खातेवहीबद्दल फार कमी. पण ज्या माणसाला बार्बेडोसमध्ये ऊस तोडावा लागला, त्याचं आयुष्य चाबकाइतकंच लंडनमधल्या एका वहीतल्या येणेबाकीने ठरवलं होतं. खालचे प्रश्न त्या वहीबद्दलचे आहेत. मुख्य भर ब्रिटिश वसाहतींवर आहे : बार्बेडोस, जमैका, नेव्हिस, ग्रेनाडा आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचं डेमेरारा. काळ साधारण १६४० ते १८३८.

'गुलाम' हा शब्द त्या काळच्या कागदांत आहे म्हणून इथे येतो. ती गुलाम केली गेलेली माणसं होती, एवढं प्रत्येक ठिकाणी मनात धरून वाचावं.

साखरेला एवढा भाव होता, मग मळेवाल्यांना कर्ज लागायचंच कशाला?

भाव होता, पण पैसा हातात पडायला फार वेळ लागे. बार्बेडोसमध्ये इंग्रजांची वसाहत १६२७ ची. साखर तिथे १६४० च्या दशकात आली आणि शेतीचं सगळं गणित बदललं. तंबाखू लावायला थोडी जमीन आणि थोडे हात पुरत. उसाला चरक लागतो, रस आटवायला मोठ्या कढयांची रांग लागते, मळीपासून रम काढायला भट्टी लागते, चरक फिरवायला बैल किंवा वारा-पाणी लागतं आणि हे सगळं चालवायला शेकडो माणसं लागतात. गुऱ्हाळ पाहिलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट सांगावी लागणार नाही : तोडलेला ऊस थांबत नाही, त्याचा रस आंबतो. म्हणून शेत आणि कारखाना एकाच जागी, एकाच मालकाचा असावा लागे आणि तो सगळा खर्च आधीच करावा लागे.

लावणीपासून तोडणीपर्यंत चौदा ते अठरा महिने. मग साखर पिंपांत भरायची, जहाजाने लंडन किंवा ब्रिस्टलला पाठवायची, तिथे ती विकली जायची. पहिला पैसा दिसेपर्यंत दोन वर्षं सहज जात. मध्ये चक्रीवादळ आलं, फ्रान्सशी युद्ध पेटलं किंवा जहाज बुडालं, की हिशेब आणखी पुढे.

आणि एक खर्च कधीच संपत नव्हता : माणसांचा. साखर पिकवणाऱ्या बहुतेक बेटांवर गुलामांमध्ये जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. कामाचा मार, अपुरं अन्न, रोगराई आणि गळितातल्या रात्रपाळ्या यांनी माणसं मरत आणि मालक त्यांच्या जागी आफ्रिकेतून आणलेली नवी माणसं विकत घेत. ही खरेदी मळ्याच्या जमाखर्चात बैलांच्या खरेदीशेजारी लिहिलेली सापडते. कर्जाचा फार मोठा भाग याच खरेदीचा होता.

याशिवाय घरातले बोजे होते. मळेवाला मरताना मृत्युपत्रात लिहून जाई : विधवेला दरसाल इतके, धाकट्या भावाला इतके, मुलींना लग्नात इतके. हे सगळं मळ्यावर बसे. वारसाच्या हाती मळा येई तोच बोजा घेऊन.

लंडनचा व्यापारी नेमकं काय करायचा?

त्याला अडत्या म्हणा, म्हणजे लगेच कळेल. मळेवाला साखर त्याच्याकडे पाठवी. तो ती उतरवून घेई, जकात भरी, गोदामात ठेवी, बाजारात विकी आणि विक्रीवर साधारण अडीच टक्के अडत घेई. त्याच पैशातून तो मळ्याला लागणारा माल पाठवी : कढया, खिळे, खारवलेले मासे, जाडंभरडं कापड, औषधं. त्यावर पुन्हा अडत. मळेवाल्याची मुलं इंग्लंडमध्ये शिकत असतील तर त्यांची फी, कपड्यांची बिलं, कधी एखाद्याचं लग्नसुद्धा त्याच खात्यातून निभे.

वर्षअखेरीला बाकी निघाली, आणि ती बहुधा मळेवाल्याच्याच अंगावर निघे, तर तिच्यावर व्याज सुरू होई. इंग्लंडमध्ये १७१४ नंतर कायद्याने व्याज पाच टक्क्यांच्या वर घेता येत नव्हतं. बेटांवरचा दर त्याहून जास्त असे. बाकी फुगली की व्यापारी म्हणे, आता गहाणखत करून द्या. आणि गहाणखतात अट अशी की कर्ज फिटेपर्यंत मळ्याची सगळी साखर आमच्याच पेढीकडे यायला हवी. व्याजापेक्षा या अटीतच व्यापाऱ्याचा खरा रस होता. मळेवाला एकदा बांधला गेला की अडत कायमची सुरू.

हेन्री लॅसेल्स हा या धंद्याचा मोठा नमुना. तो आधी बार्बेडोसमधल्या ब्रिजटाउनला जकात वसूल करणारा अधिकारी होता. बेटावर कोण किती पाण्यात आहे हे त्याला आतून ठाऊक होतं. पुढे तो लंडनला आला आणि १७४३ मध्ये जॉर्ज मॅक्सवेलबरोबर 'लॅसेल्स अँड मॅक्सवेल' ही पेढी सुरू झाली. मॅक्सवेलही बार्बेडोसहूनच आलेला. बेटावरची ओळख आणि लंडनमधलं भांडवल एका छताखाली आलं आणि मळेवाल्यांना मोठाली कर्जं दिली जाऊ लागली.

हे आपल्याकडच्या सावकारीसारखंच झालं की. फरक काय?

फरक मोठा आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. ती खतं त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. कर्ज त्यांनी घेतलं होतं, भले फसवून गळ्यात मारलेलं असेल. जमीन त्यांची होती आणि त्रासही त्यांचाच होता.

जमैकात तीन बाजू होत्या. धनको लंडनमध्ये. ऋणको मळ्यातल्या मोठ्या घरात, किंवा तोही इंग्लंडमध्येच. आणि तारण उसाच्या फडात उभं, श्वास घेणारं, मुलंबाळं असलेलं. ज्याने एक पैसा उसना घेतला नाही, ज्याला खत कधी दाखवलं गेलं नाही, त्याच्या अंगातून ते कर्ज फिटत होतं. मळेवाला कर्जाने गांजला होता, अशी वाक्यं जुन्या इतिहासांत फार येतात आणि ती खरीही आहेत. पण त्यातला सर्वांत गांजलेला माणूस मळेवाला नव्हता. हे एकदा नीट लक्षात आलं की बाकीचे कागद वेगळे दिसू लागतात.

गुलाम उधारीवर विकले जायचे का?

बहुतेक उधारीवरच. आफ्रिकेहून जहाज किंग्स्टनला लागलं की माल (हा त्यांचा शब्द) तिथल्या दलाल पेढीच्या ताब्यात जाई. जमैकात हिबर्ट घराण्याची पेढी अशांपैकी फार मोठी होती. थॉमस हिबर्ट १७३४ मध्ये बेटावर आला आणि याच धंद्यात श्रीमंत झाला. दलाल मळेवाल्यांना उधारीवर माणसं विकी आणि जहाजाच्या कप्तानाला रोख रकमेऐवजी हुंड्या देई, लंडनच्या एखाद्या बड्या पेढीवर काढलेल्या. मुदत बारा महिन्यांची, अठरा महिन्यांची, कधी तीन वर्षांचीही.

लंडनची पेढी आधीच जामीन राहिलेली असे की या दलालाच्या हुंड्या आम्ही वटवू. त्यामुळे लिव्हरपूलचा जहाजमालक निश्चिंत. त्याची हुंडी जहाजाबरोबरच परत येई आणि ती तो मुदतीआधी बट्ट्याने वटवून पुढच्या फेरीचा माल भरू शकत असे. धोका मात्र साखळीतून खाली सरकत जाई. लंडनची पेढी दलालाला तगादा लावी, दलाल मळेवाल्याला. मळेवाला त्या वर्षी दोन पिंपं जास्त काढायला निघे. ती दोन पिंपं कुणाच्या पाठीवरून निघत, ते त्या हुंडीवर लिहिलेलं नसे.

माणूस कायद्याने तारण कसा ठेवता येत होता?

बेटांवरच्या कायदेमंडळांनी सुरुवातीपासून माणसांना मालमत्तेच्या खान्यात टाकलं होतं. भांडण एवढंच की स्थावर की जंगम? बार्बेडोसच्या १६६८ च्या कायद्याने गुलामांना स्थावर ठरवलं, म्हणजे वारसाहक्कात ते जमिनीबरोबर जावेत आणि मळा मोडू नये. पण सावकाराला ते जंगम हवे होते, कारण जंगम वस्तू उचलून विकता येते. मग सोयीप्रमाणे दोन्ही झालं : वारशासाठी स्थावर, कर्जवसुलीसाठी जंगम. एकच माणूस, कोर्टात अर्ज कोणाचा आहे त्यावर तो स्थावर की जंगम ते ठरे.

निर्णायक कायदा १७३२ चा, ब्रिटिश संसदेचा. लंडनच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली होती की वसाहतींतली कोर्टं कर्जबुडव्या मळेवाल्यांची बाजू घेतात. संसदेने ठरवलं की वसाहतींमधली जमीन, घरं आणि 'निग्रो' हे सगळं कर्जाच्या वसुलीला पात्र राहील. शिवाय लंडनच्या धनकोने लंडनमध्येच शपथेवर दिलेला हिशेब वसाहतीतल्या कोर्टात पुरावा म्हणून चालेल. म्हणजे समुद्र न ओलांडता जप्ती आणता येणार. माझ्या मते अटलांटिकच्या इतिहासातला हा सर्वांत दुर्लक्षित कायदा आहे. यानंतर लंडनमधून बेटांवर कर्ज देणं सुरक्षित झालं आणि ज्या माणसांचा उल्लेख त्यात एका शब्दात आला, त्यांचं जगणं तितकंच असुरक्षित.

१७९७ मध्ये संसदेने यातला माणसांबद्दलचा भाग रद्द केला. पण बेटांचे स्वतःचे कायदे होतेच. जमैकात कर्जापोटी माणसं जप्त करून विकणं पुढेही चालू राहिलं.

फ्रेंच बेटांवरही असंच होतं का?

तिथे थोडं वेगळं होतं. १६८५ च्या फ्रेंच गुलाम-संहितेनेही गुलामांना जंगम मालमत्ताच म्हटलं. पण त्यात एक कलम होतं की साखरेच्या मळ्यावर काम करणारे चौदा ते साठ वयाचे गुलाम कर्जापोटी सुटे जप्त करता येणार नाहीत. जप्ती आणायची तर सगळ्या मळ्यावर आणा. नवरा, बायको आणि लहान मुलं यांना जप्तीत वेगवेगळं विकायला बंदी होती. दयेपेक्षा मळा चालू राहावा ही काळजी यामागे जास्त दिसते. कलम कागदावर होतं आणि अंमल बेटावर होता, हे अंतरही लक्षात ठेवावं.

जप्ती आली की त्या माणसांचं काय व्हायचं?

जमैकात प्रोव्होस्ट मार्शल नावाचा अधिकारी आणि त्याची माणसं जप्तीचा हुकूम घेऊन येत. जमीन उचलता येत नाही, चरक उखडायला वेळ लागतो. माणसं मात्र चालवत नेता येतात. म्हणून छोट्या-मोठ्या कर्जासाठी आधी हात पडे तो माणसांवर. त्यांना शहरात नेऊन कोंडून ठेवत आणि लिलावात विकत. बोली ज्याची चढेल त्याच्याकडे जायचं. आई एका बाजूला, मुलगी दुसऱ्या. मागे राहिलेलं खोपट, स्वतः लावलेला रताळ्यांचा तुकडा, पाळलेल्या कोंबड्या, दफन केलेली माणसं, सगळं तुटलं.

म्हणूनच मळ्यावर मालकाच्या अडचणीची बातमी गुलामांना मालकाच्या बायकोआधी लागे, असं म्हटलं तर ते वावगं ठरणार नाही. कोण पाव्हणा आला, कोण वह्या तपासतोय, कोण माणसांची मोजदाद करतोय, यावर त्यांचं उद्याचं आयुष्य होतं.

मेरी प्रिन्सची हकिगत इथे आठवते. ती बर्म्युडात जन्मली. ती बारा वर्षांची असताना तिच्या मालकाला दुसऱ्या लग्नासाठी पैसा हवा होता, म्हणून तिला आणि तिच्या दोन बहिणींना बाजारात उभं केलं गेलं. आईने स्वतः त्यांना कपडे घातले आणि ते घालताना म्हणाली की मी माझ्या लेकरांना कफन घालते आहे. बोली काही पौंडांपासून चढत सत्तावन्नवर थांबली. तिघी बहिणी तीन घरी गेल्या. पुढे तिला मिठागरांत राबवलं गेलं, मग अँटिग्वात आणि १८२८ मध्ये मालकाबरोबर ती लंडनला आली. १८३१ मध्ये तिने सांगितलेली ही हकिगत छापली गेली, म्हणून आपल्याला ती कळते. जमाखर्चात ती फक्त एक जमा रक्कम असणार.

भागीदारीचा आणि गुलाम-मालकीचा संबंध काय?

धोका वाटून घेणं. गुलाम-जहाजाचा खर्च प्रचंड, म्हणून लिव्हरपूलमध्ये एका जहाजाचे आठ-दहा भागीदार असत. कुणाचा आठवा हिस्सा, कुणाचा सोळावा, कुणाचा बत्तिसावा. एखादा दोरखंडवाला, एखादा दारूवाला, एखादी विधवासुद्धा. भागीदारीमुळे सामान्य दुकानदारालाही या धंद्यात पैसा घालता आला आणि कुणालाच एकट्याने हे केल्यासारखं वाटलं नाही.

याचा शेवट कुठे जाऊ शकतो ते 'झाँग' जहाजाने दाखवलं. लिव्हरपूलच्या विल्यम ग्रेगसन आणि त्याच्या भागीदारांचं हे जहाज १७८१ मध्ये जमैकाकडे निघालं होतं. वाट चुकली, आजार पसरला आणि पाणी कमी पडत असल्याचं कारण सांगून खलाशांनी १३० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली. मग भागीदारांनी विमा मागितला, माणशी तीस पौंड. कारण विम्याचा नियम असा की माणूस आजाराने मेला तर नुकसान मालकाचं, पण जहाज वाचवण्यासाठी 'माल' फेकावा लागला तर भरपाई विमाकर्त्याने द्यायची. १७८३ मध्ये ज्युरीने भागीदारांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी पुढे नव्याने सुनावणीचा आदेश दिला. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही; कोर्टापुढे प्रश्न होता तो विम्याचा.

मळ्यांवरही हिस्से असत. अर्धा मळा, तिसरा भाग, एक अष्टमांश. म्हणजे त्या मळ्यावरच्या एखाद्या बाईवर चार वेगवेगळ्या शहरांतल्या चार माणसांचा अपूर्णांकात हक्क असे. आणि त्यातल्या तिघांनी तिला कधी पाहिलेलंही नसे.

बेटावर पाऊलही न ठेवता माणूस शेकडो गुलामांचा मालक कसा व्हायचा?

गहाणखतातून. लॅसेल्स घराण्याचंच पुढे पाहू. हेन्री १७५३ मध्ये वारला. मुलगा एडविन याने १७५९ पासून यॉर्कशायरमध्ये हेअरवुड हाऊस हा भव्य वाडा बांधायला घेतला. घराणं प्रामुख्याने सावकारी करत होतं. पण १७७० च्या दशकात लंडनमधली आर्थिक पडझड आणि मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध यांनी मळेवाले कोसळले आणि १७७३ ते १७८७ या काळात गहाण मळे एकामागून एक या घराण्याच्या नावावर आले : बार्बेडोस, जमैका, ग्रेनाडा, टोबॅगो मिळून २७,००० एकरांच्या वर. त्यावरची माणसंही आली. यॉर्कशायरमध्ये बसून.

बँक ऑफ इंग्लंडचं उदाहरण तर अनेकांना धक्का देतं. 'अलेक्झांडर अँड सन्स' या व्यापारी पेढीने बँकेचं कर्ज थकवलं आणि तारण असलेले ग्रेनाडामधले बॅकोले आणि शेमें हे दोन मळे १७७० च्या दशकात बँकेच्या ताब्यात आले. त्यांच्याबरोबर ५९९ माणसं. इंग्लंडची मध्यवर्ती बँक काही वर्षं गुलामांची मालक होती. १७९० मध्ये मळे विकले गेले. २०२२ मध्ये बँकेने आपल्या संग्रहालयात याबद्दल प्रदर्शन भरवलं आणि त्या ५९९ जणांची नावं भिंतीवर लावली.

धनी इंग्लंडमध्ये असला की बेटावर मुखत्यार लागे. जमैकाचा सायमन टेलर हा त्यातला सर्वांत बडा. गैरहजर मालकांचे मळे सांभाळत तो स्वतः बेटावरच्या श्रीमंतांपैकी एक झाला. १८१३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालकीची २,००० हून अधिक माणसं होती. मुखत्याराला पिकावर कमिशन मिळे. पीक वाढलं की त्याचा फायदा, माणसं झिजली की नुकसान धन्याचं. मग माणसांची काळजी तो कितपत घेणार?

पिनी आणि पेरो ही नावं कुठेतरी वाचली. ते कोण?

जॉन पिनी नेव्हिस बेटावरचा मळेवाला. १७८३ मध्ये तो ब्रिस्टलला परतला आणि जेम्स टोबिनबरोबर त्याने 'पिनी अँड टोबिन' ही अडत पेढी काढली. नेव्हिसच्या मळेवाल्यांना कर्ज, त्यांची साखर आपल्याकडे, थकले की मळा आपल्या ताब्यात, हा क्रम त्याने शांतपणे चालवला. त्याचं ब्रिस्टलमधलं घर आज संग्रहालय आहे. टोबिन गुलामगिरीच्या समर्थनार्थ पत्रकं लिहीत असे.

पेरो हा पिनीचा खासगी नोकर. १७६५ मध्ये, बारा वर्षांचा असताना, पिनीने त्याला त्याच्या दोन बहिणींसह विकत घेतलं. ब्रिस्टलला येताना पिनीने त्याला बरोबर आणलं. पेरो १७९८ मध्ये वारला. मुक्ती त्याला कधीच मिळाली नाही. १९९९ मध्ये ब्रिस्टलच्या बंदरावरच्या एका पादचारी पुलाला त्याचं नाव दिलं गेलं.

नेव्हिसचा मळा पिनीने १८०८ मध्ये एडवर्ड हगिन्सला विकला, तिथल्या माणसांसकट. रात्री शेणखत वाहायला त्यांनी नकार दिला, म्हणून जानेवारी १८१० मध्ये हगिन्सने त्यांना चार्ल्सटाउनच्या भर बाजारात चाबकाने फोडून काढलं. खटला झाला आणि हगिन्स सुटला. ब्रिस्टलच्या वहीत विक्री पूर्ण झाली होती.

मालक सगळे असे बडेच होते का?

नाही. १८३० च्या दशकातल्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत सुमारे ४० टक्के दावेदार बायका होत्या. किंग्स्टनमध्ये किंवा ब्रिजटाउनमध्ये दोन-चार माणसांची मालकी असलेल्या विधवा, अविवाहित बहिणी, खानावळ चालवणाऱ्या. काही स्वतः मिश्र वंशाच्या मुक्त बायकाही. त्या माणसांना भाड्याने कामाला लावून आलेल्या मजुरीवर जगत. इंग्लंडमधल्या एखाद्या पाद्र्याच्या विधवेला लग्नाच्या करारातून मळ्यावरची वार्षिकी, म्हणजे दरसाल ठरलेली रक्कम, मिळे आणि ती थकली की तीही धनको म्हणून रांगेत उभी राही. गुलामगिरीचा पैसा किती घरांत झिरपला होता ते या छोट्या दाव्यांतून कळतं.

गुलामांना पैसे देऊन सुटता येत नव्हतं का?

काहींना आलं. ओलाउडा इक्वियानो हा माँटसेराटच्या रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याचा गुलाम होता. जहाजावर कामाला असताना काचेचे पेले, फळं, असलं किडुकमिडुक विकून त्याने पैसे साठवले आणि १७६६ मध्ये ४० पौंड मोजून तो सुटला. मेरी प्रिन्सनेही पैसे जमवले होते. तिच्या मालकाने तिची मुक्ती विकायलाच नकार दिला. आणि माणूस गहाणखतात लिहिलेला असेल तर मालकाची इच्छा असूनही सावकाराच्या संमतीशिवाय त्याला मोकळं करता येत नसे. तारण कमी होतं ना!

१८३३ च्या कायद्याने कर्जाचं काय झालं?

ते फिटलं. सरकारी तिजोरीतून.

मुक्तीचा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला अमलात आला. सुमारे ८ लाख माणसं कायद्याने गुलाम राहिली नाहीत. पण त्यांना 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं, ते १ ऑगस्ट १८३८ ला संपलं. मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. ब्रिटिश सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के. यातले दीड कोटी १८३५ मध्ये नेथन रॉथ्सचाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरे या लंडनच्या पेढीवाल्यांमार्फत कर्जाने उभारले. राबलेल्या माणसांना एक पेनीही मिळाली नाही.

दावे ४६ हजारांच्या आसपास आले. भरपाईचे दर बेटाप्रमाणे वेगळे, बाजारभावावर ठरवलेले : ब्रिटिश गयानात (डेमेरारा त्यातच येतं) सरासरी माणशी ५० पौंडांच्या वर, जमैकात सुमारे २०. आणि इथेच खातेवह्या बाहेर आल्या. मळेवाल्याने दावा लावला की गहाणखतवाला प्रतिदावा लावी, त्यावर वार्षिकीवाली विधवा, त्यावर जुन्या भागीदाराचे वारस. भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांसमोर वर्षानुवर्षांच्या बाक्या मांडल्या गेल्या. एकूण रकमेतला जवळजवळ निम्मा पैसा ब्रिटनमध्येच राहिला, गैरहजर मालक आणि व्यापारी धनकोंकडे. लॅसेल्स घराण्यातल्या हेअरवुडच्या अर्लला १,२७७ माणसांबद्दल २६ हजार पौंडांहून अधिक मिळाले. लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप, याला २,५०८ माणसांबद्दल १ लाख ६ हजार पौंडांच्या वर.

ज्या कर्जांची वसुली होईल अशी आशा लंडनच्या पेढ्यांनी सोडली होती, ती मुक्तीच्या कायद्याने वसूल झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा बराच वेळ पुढे लिहवलं नाही.

ही भरपाई ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते, हे खरं का?

हो. त्या कर्जाचे रोखे पुढच्या रोख्यांमध्ये मिसळत गेले आणि त्यांतले शेवटचे २०१५ मध्ये फेडले गेले. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०१८ मध्ये ही माहिती समाजमाध्यमावर अभिमानाने टाकली, लोक संतापले आणि ती काढावी लागली. त्या करदात्यांत कॅरिबियनहून ब्रिटनला आलेल्या, गुलामांच्या वंशजांचाही समावेश होता.

हैतीच्या कर्जाची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे का?

आहे, आणि ती आणखी क्रूर आहे. हैतीच्या लोकांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं, १८०४ मध्ये. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीपोटी. पहिला हप्ता द्यायलाच हैतीला पॅरिसच्या सावकारांकडून कर्ज काढावं लागलं : ३ कोटींचं खत, हातात २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, पण त्यातून जन्मलेली कर्जं १९४७ पर्यंत चालली. इतर ठिकाणी माणसं तारण होती. इथे त्या माणसांनाच ऋणको केलं गेलं, स्वतःच्या शरीराच्या किमतीसाठी.

या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध?

थेट आहे. मळ्यांवरचे गुलाम सुटणार हे दिसताच जॉन ग्लॅडस्टनने १८३६ मध्ये कलकत्त्याच्या 'गिलँडर्स, अर्बथनॉट' या पेढीला पत्र लिहून मजूर मागवले. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' या जहाजांतून सुमारे ४०० भारतीय कंत्राटी मजूर ब्रिटिश गयानाला उतरले. तो ५ मे आजही तिथे भारतीयांच्या आगमनाचा दिवस म्हणून पाळतात. त्या कागदांत 'धनगर' असा शब्द येतो. मराठी वाचक इथे हमखास फसतो. हे आपल्याकडचे धनगर नव्हेत. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी मजुरांना कलकत्त्यात त्या नावाने ओळखत.

मराठी माणसाचा धागा मॉरिशसशी आहे. ते बेट हिंदी महासागरातलं, पण त्या २ कोटींमधले २० लाखांहून अधिक पौंड तिथल्या मळेवाल्यांना गेले. त्याच सुमारास, १८३४ पासून, तिथे भारतीय मजूर नेले जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि देशावरची माणसं होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात, गणपती बसवतात. ज्या मळ्यांवर त्यांचे पूर्वज राबले, त्या मळ्यांच्या मालकांच्या हातात नुकताच भरपाईचा पैसा पडला होता.

स्वतः कागद पाहायचे असतील तर?

भरपाईच्या दाव्यांची मूळ दफ्तरं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'टी ७१' या क्रमांकाखाली आहेत. त्यावरून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने तयार केलेली माहितीसूची इंटरनेटवर विनामूल्य उघडता येते; मालकाचं नाव, मळा किंवा बेट टाकून शोधता येतं. तिथे गहाणखतवाल्यांचे प्रतिदावेही नोंदलेले आहेत. तेच आधी वाचावेत.

त्याच दफ्तरात गुलामांच्या नोंदणीवह्या आहेत. बहुतेक बेटांवर त्या १८१७ पासून दर काही वर्षांनी भरल्या जात. रकाने असतात नाव, वय, रंग, जन्म आफ्रिकेत की बेटावर. मागच्या नोंदणीपेक्षा संख्या का बदलली त्याचं कारणही लिहावं लागे : जन्म, मृत्यू, विक्री, जप्ती. एकाच मळ्याच्या ओळीने तीन वह्या शेजारी ठेवा आणि एक नाव धरून पुढे जा. कधी ते तिन्ही वह्यांत असतं, वय तेवढं वाढलेलं. कधी दुसऱ्या वहीत ते गायब असतं आणि कारणाच्या रकान्यात जप्ती असते. मग ते नाव दुसऱ्या कुठल्या मळ्याच्या वहीत सापडतं का, हे शोधायला बसावं लागतं.